उपचारकाचा पक्ष आणि रुग्णाचा हक्क

(संगमेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मानसोपचार करणाऱ्याची राजकीय मते त्याच्या उपचारात उतरतात काय, आणि उतरत असतील तर रुग्णाने काय करावे, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू मंडळींचा आहे, संगमेश्वर तालुक्यात त्याचे काय प्रयोजन, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुंबईतील रुग्णाला दादरचा डॉक्टर पटला नाही तर तो ठाण्याचा गाठतो. तोही पटला नाही तर तिसरा शोधतो. संगमेश्वर, देवरुख, साखरपा या टापूतील माणसाला मनाच्या आजारासाठी बहुधा रत्नागिरीच गाठावी लागते. येरवडा, ठाणे आणि नागपूर यांच्या जोडीने राज्याचे एक प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीस आहे, हे कोकणचे भाग्यच. पण एसटीचा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा प्रवास, बुडालेला रोज, सोबतीला न्यावा लागणारा माणूस आणि शेजाऱ्याला सांगावयाची खोटी सबब, एवढे सारे करून जो तेथे पोहोचतो त्याला "हा नको, दुसरा डॉक्टर द्या" असे म्हणण्याची सोय कोठे आहे? जेथे निवड नाही तेथे उपचारकाचे मत हे रुग्णाच्या दृष्टीने हवामानासारखे असते. ते सोसावेच लागते.

शिवाय लहान गावात डॉक्टर हा नुसता डॉक्टर नसतो. तो शाळेच्या समितीवर असतो, पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असतो, नवरात्रोत्सवाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. हल्ली तर व्हॉट्सॲपवर सकाळी सात वाजताच त्याचे देशाविषयीचे मत साऱ्या तालुक्याला कळते. आणि ही ओळख एकतर्फी नसते. मोर्चात घोषणा देणारा तरुणही डॉक्टरच्या ओळखीचा असतो. त्याचा बाप कोणाकडे कामाला आहे, तो कोणत्या वाडीतला, कोणत्या जातीचा, हे केसपेपरवर लिहिण्यापूर्वीच ठाऊक असते. परस्परांना अनोळखी असलेल्या दोन व्यक्तींची बंद खोलीतील भेट, ही मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकातली कल्पना येथे मुळातच लागू पडत नाही.

अशा वेळी काय घडते? दोन महिने झोप उडालेला, जेवणावरची वासना गेलेला एखादा कार्यकर्ता तपासणीच्या खोलीत शिरतो. ज्याच्या धोरणाविरुद्ध त्याने गेल्याच महिन्यात निदर्शने केली त्याच नेत्याची तसबीर भिंतीवर असते. तो खुर्चीवर बसतो आणि पोटदुखीची तक्रार सांगतो. डॉक्टर पोटाचे औषध देतात. येथे डॉक्टरांनी कसलाही अन्याय केलेला नाही. कदाचित त्यांनी अत्यंत आस्थेने विचारपूसही केली असती. पण उपचार झाला नाही, हे मात्र खरे. प्रथम नुकसान होते ते या न बोललेल्या वाक्यांमुळे, आणि त्याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला त्यात एक साधी गोष्ट ठासून मांडली आहे. भाजी घेणाऱ्याला भाजीची पारख असते. औषध घेणाऱ्याला औषधाची नसते. विकणाऱ्याजवळ ज्ञान आहे, घेणाऱ्याजवळ केवळ गरज आहे. म्हणून हा बाजार विश्वासावर चालतो, आणि विश्वास टिकावा म्हणून समाज डॉक्टरभोवती नीतिनियमांचे कुंपण घालतो. मनाच्या उपचारात ही विषमता कमाल मर्यादेला जाते. हाड मोडले की नाही हे निदान क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. उदासी, भीती, संशय यांचे निदान रुग्णाच्या बोलण्यावर आणि डॉक्टरच्या ऐकण्यावर अवलंबून असते. रुग्णच बोलता झाला नाही, तर उपचाराचा कच्चा मालच नाहीसा होतो.

मते उपचारात उतरतात याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत एतान हर्श आणि मॅथ्यू गोल्डनबर्ग या येल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे बऱ्याच राज्यांत मतदाराची पक्षनोंदणी सार्वजनिक असते. तिच्या आधारे त्यांनी डॉक्टरांचे पक्ष ताडले आणि त्यांच्यापुढे काल्पनिक रुग्णांची वर्णने ठेवली. दारू किंवा नैराश्य यांसारख्या विषयांत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन डॉक्टरांच्या उत्तरांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण गर्भपात, गांजा आणि घरातील बंदूक हे विषय येताच दोहोंची गांभीर्याची मोजपट्टी बदलली आणि त्याप्रमाणे सल्लाही बदलला. हे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ नव्हते, सामान्य वैद्यक करणारे होते. आणि अमेरिकेतील बंदुकीचा वाद रत्नागिरीत लागू नाही. तथापि एक गोष्ट त्यातून निघते ती अशी, की डॉक्टरचा पक्ष सगळ्याच उपचारात झिरपत नाही. जे विषय समाजात पेटलेले असतात तेवढ्याच जागी तो वर येतो. तेव्हा "त्याचे मत काय?" हा प्रश्न ढोबळ झाला. रुग्णाचे दुखणे त्या पेटलेल्या जागेशी किती जवळ आहे, हे पाहावयास हवे.

इतिहासात तर याहून भयंकर दाखले आहेत. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मनोविकार ठरवून त्याला ग्रीक नाव दिले होते. हिंदुस्थानात रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी हिंदूंचा धर्म आणि स्वभाव यांवर फ्रॉइडच्या परिभाषेत १९२१ साली जे लिहिले ते वाचताना राज्यकर्त्याचा तुच्छतेचा सूर लपत नाही. तेच बर्कली-हिल रुग्णालयाच्या कारभारात मात्र सुधारक होते. रुग्णांना कोंडून ठेवण्याऐवजी हाताला काम देण्यावर त्यांचा भर असे. माणूस असा तुकड्यातुकड्यांचा असतो. (अर्थात ती सुधारणा प्रथम कोणासाठी झाली हेही विसरू नये. ते रुग्णालय गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी होते. हिंदी रुग्णांचे रुग्णालय रांचीस १९२५ साली वेगळे निघाले.)

समाजवादी कार्यकर्त्यांनी सर्वांत बारकाईने अभ्यासावे असे प्रकरण सोव्हिएत युनियनचे आहे. स्वतःला समाजवादी म्हणविणाऱ्या राज्यात ते घडले, म्हणून त्याची जबाबदारी या चळवळीला झटकता येत नाही. आंद्रेई स्नेझनेव्हस्की यांच्या प्रभावाखालील मानसवैद्यकाने 'संथगती छिन्नमनस्कता' असे एक निदान प्रचारात आणले. त्यात भास नकोत, भ्रमिष्टपणा नको. समाज सुधारण्याचा ध्यास हेच लक्षण पुरे होई. जनरल प्योत्र ग्रिगोरेंको यांनी क्रिमियातून हुसकावून लावलेल्या तातारांची बाजू घेतली. १९६९ साली ताश्कंदच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून शहाणे ठरविले, तर थोड्याच महिन्यांत मॉस्कोच्या सर्बस्की संस्थेने वेडे. पुढे देशाबाहेर पडल्यावर त्यांनी आपण होऊन अमेरिकन तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली. तीत आजार सापडला नाही. कीव्हच्या सेम्यॉन ग्लुझमन नावाच्या तरुण मनोविकारतज्ज्ञाने या निदानाचे खंडन करणारा अहवाल तयार केला. त्याला १९७२ साली सात वर्षे सक्तमजुरी आणि तीन वर्षे हद्दपारी झाली. १९७७ साली होनोलुलू येथे जागतिक मानसवैद्यक परिषदेने या प्रकाराचा निषेध केला, आणि हकालपट्टीचा प्रश्न उभा राहताच १९८३ साली सोव्हिएत संघटना आपण होऊन बाहेर पडली.

सर्बस्कीतील सारेच डॉक्टर दुष्ट होते असे समजणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या समाजात सरकारला विरोध करणे म्हणजे नोकरी, घर आणि स्वातंत्र्य गमावणे, तेथे विरोध करणारा माणूस डॉक्टरला मनापासूनच विचित्र वाटू शकतो. "शहाणा माणूस असे कशाला करील?" या एका प्रश्नात डॉक्टरचे सगळे राजकारण सामावलेले असते, आणि ते राजकारण आहे याची त्याला वार्ताही नसते. कोकणातील एखाद्या सुनेने नवऱ्याचे घर सोडण्याची भाषा केली, एखाद्या मुलाने सरकारी नोकरी नाकारली, एखाद्या मुलीने दुसऱ्या धर्मातील मुलाशी लग्न करण्याचे ठरविले, की घरचे लोक तिला वा त्याला "डोक्याच्या डॉक्टरकडे" नेतात. तेव्हा खुर्चीत बसलेल्या डॉक्टरच्या मनात हाच प्रश्न उभा राहतो. क्रेमलिनची त्यासाठी गरज नाही.

येथवर ऐकून कार्यकर्त्यांनी असा निष्कर्ष काढू नये, की उपचारक पुरोगामी विचारांचा असला म्हणजे झाले. या समजुतीवर फ्रांझ फॅनन यांच्या अनुभवाइतका उत्तम उतारा नाही. वसाहतवादाचा हा कट्टर शत्रू नोव्हेंबर १९५३ मध्ये अल्जीरियातील ब्लिदा-ज्वाँव्हिल रुग्णालयात दाखल झाला. त्यांच्याकडे युरोपीय स्त्रियांचा आणि मुसलमान पुरुषांचा असे विभाग होते. रुग्णांना बांधून ठेवण्याऐवजी त्यांचा समाज उभा करावा, सभा, उत्सव, वृत्तपत्र, हस्तकला यांतून त्यांना माणसात आणावे, अशी नवी पद्धत त्यांनी दोन्हीकडे सुरू केली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात ती यशस्वी झाली. मुसलमान पुरुषांच्या विभागात ती सपशेल फसली! ज्यांच्या मुक्तीसाठी हा डॉक्टर तळमळत होता तेच रुग्ण सभेला येईनात, आले तर बोलेनात.

फॅनन यांनी दोष रुग्णांच्या मागासलेपणाला दिला नाही. त्यांनी १९५४ साली सहकाऱ्याच्या साहाय्याने त्या अपयशाची जाहीर चिकित्सा लिहिली. सभा, उत्सव, हस्तकला हे सगळे साचे फ्रान्समधून आणलेले होते. डॉक्टरला रुग्णांची भाषा येत नव्हती; दुभाषा मधे होता, आणि अल्जीरियातल्या माणसाने दुभाषा पाहिला होता तो न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात. मग रुग्णालयात अरबी धर्तीचे कॉफीगृह निघाले, मुसलमानांचे सण साजरे होऊ लागले, कथेकरी बोलावले गेले. तेव्हा कोठे माणसे बोलू लागली. डॉक्टरचे राजकारण पहिल्या दिवसापासून योग्य होते. उपचार मात्र त्याने विचारपूस करावयास आरंभ केल्यावर योग्य झाला.

याच फॅनन यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक हकिगत नोंदविली आहे. अल्जीरियन कैद्यांचा छळ करणारा एक युरोपीय पोलीस अधिकारी नैराश्याने ग्रासून त्यांच्याकडेच उपचारास येई. एकदा रुग्णालयाच्या आवारात त्याची गाठ पडली ती त्याने स्वतः छळ केलेल्या एका अल्जीरियनाशी. तोही तेथेच उपचार घेत होता. पोलिसाला घाम फुटला. तो अल्जीरियन तर आपल्याला पुन्हा न्यायला आले आहेत अशा समजुतीने जीव देण्याच्या प्रयत्नात सापडला. पोलीस येथे येऊच शकत नाहीत, तुझा भास होता, असे रुग्णालयातील मंडळींनी त्याला परोपरीने पटविले, तेव्हा तो शांत झाला. पुढे फॅनन नोकरीचा राजीनामा देऊन उघडपणे लढ्यात उतरले. पण रुग्णालयात असेतो त्यांनी दोघांवरही उपचार केले. शत्रूचा उपचार करणारा हा डॉक्टर तटस्थ होता असे कोण म्हणेल? रुग्णाच्या वाट्याला मात्र त्याचे मत आले नाही, औषध आले. तटस्थता आणि उपचाराची इमानदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुर्मीळ आहे, आणि लहान गावात तर जवळजवळ अशक्यच. मागावयाची ती दुसरी.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे वळू. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण मारला गेला. एप्रिल २०२३ मध्ये तेल शुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हा शेकडो बायका-पुरुष उन्हात बसले होते आणि त्यांच्यावर लाठ्या व अश्रुधूर पडला. समजा, त्यांतला एखादा माणूस पुढे झोप लागत नाही म्हणून, पोलिसांची गाडी पाहिली की छातीत धडधडते म्हणून, डॉक्टरकडे गेला. डॉक्टर प्रकल्पाचे समर्थक असतील तर त्यांना वाटेल, की या माणसाच्या डोक्यात कोणीतरी अफवा भरवल्या आहेत. ते त्याला विकासाची दोन वाक्ये ऐकवतील आणि झोपेची गोळी देतील. डॉक्टर प्रकल्पाचे विरोधक असतील तर त्यांना सारा दोष सरकारचा दिसेल; ते त्याच्या पाठीवर हात ठेवतील आणि हा माणूस आंदोलनाच्या आधी तीन वर्षांपासून दारू पितो आहे, किंवा त्याच्या घराण्यात उन्मादाचा आजार आहे, हे विचारावयाचेच विसरतील. दुसरा डॉक्टर रुग्णाला अधिक आवडेल यात शंका नाही, परंतु तो अधिक बरा करील याची खात्री नाही. समविचारी उपचारकाचा धोका असा गोड असतो.

याच न्यायाने १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचेही पाहता येईल. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि कोकणातील कितीतरी वाड्यांतले चाकरमानी त्यांत होते. गावी परतलेल्या त्या माणसांच्या दुःखाला चळवळीने 'शोषण' म्हटले, ते बरोबरच होते. गावाने 'दारू' म्हटले, तेही डोळ्यांना दिसत होते. मनीऑर्डर पाठविणारा पुरुष मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरात येऊन बसला म्हणजे त्याच्या मनाचे काय होते, हे या दोन्ही शब्दांत मावत नाही. ते त्यालाच विचारावे लागते, आणि त्याच्या बायकोला वेगळे विचारावे लागते.

अंधश्रद्धेच्या प्रश्नावर तर समाजवादी कार्यकर्त्यांची परीक्षाच असते. शिमग्यात एखाद्या बाईच्या अंगात येते. एरवी घरात तिचा शब्द कोणी ऐकत नाही, त्या घटकेला मात्र सासराही हात जोडतो. घरचे लोक भगताकडे नेतात, कौल लावतात, देवाला गाऱ्हाणे घालतात, आणि हे सारे थकल्यावर डॉक्टर. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. त्यांच्या बलिदानानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. हा कायदा भोंदूला शासन करतो, तो आवश्यकच आहे. पण दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, आणि देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, हे सांगताना ते थकत नसत. केसात जट झाली म्हणून देवीच्या धाकाने ती वर्षानुवर्षे वागविणाऱ्या बाईची जट सोडविणारे समितीचे कार्यकर्ते आधी तिच्याशी आणि घरच्यांशी बोलतात. धाक समजून घेतात, मग कात्री काढतात. ही रीत सोडून "देव-भूत काही नसते" असे पहिल्याच भेटीत बजावणारा विवेकवादी समुपदेशक आणि "पूजापाठ करा, मन शांत होईल" म्हणणारा धार्मिक समुपदेशक यांत त्या बाईच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोघांनीही तिला बोलू दिलेले नसते.

चळवळीने आपल्याच घरातले एक दुःख या दृष्टीने पाहावयास हवे. पालगडच्या मातीतून आलेल्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा संपविली. त्या मृत्यूचे जे अर्थ पुढे लावले गेले ते बहुधा वैचारिकच होते: स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, गांधीजींच्या हत्येचा आघात, ध्येयवादी मनाची व्याकुळता. त्यांत तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु माणूस ध्येयवादी असतो म्हणून त्याला आजार होत नाही असे नाही, आणि त्याची उदासी उदात्त दिसते म्हणून तिला उपचाराची गरज नसते असेही नाही. आजही एखादा पूर्णवेळ कार्यकर्ता सभेला येईनासा झाला, माणसे टाळू लागला, तर शाखेत पहिला शब्द निघतो तो 'निष्क्रिय', दुसरा 'वैफल्यग्रस्त'. दोन्ही निदाने राजकीय आहेत. ज्यांचे मत उपचारात उतरण्याची चिंता करावयाची, त्यांत साथी म्हणविणारेही येतात.

मग रुग्णाला संरक्षण कशाचे? आपल्या पक्षाचा डॉक्टर शोधणे हे त्याचे उत्तर नव्हे. तसे केल्यास प्रत्येक जातीचा, प्रत्येक पक्षाचा दवाखाना निघेल आणि ज्याचा पक्ष दुबळा त्याला दवाखानाच उरणार नाही. संरक्षण नियमांचे हवे, आणि ते नियम कागदावर तरी आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये मनोरुग्णांच्या संरक्षणाची तत्त्वे संमत केली. त्यांतील एका तत्त्वानुसार राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येत नाही. सोव्हिएत प्रकरणाची आठवण तेव्हा ताजी होती. तेच तत्त्व भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात आले. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी वा धर्मश्रद्धांशी एखादा माणूस जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरविता येत नाही, असे ते कलम सांगते. अठरावे कलम धर्म, जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल यांच्या जोडीने सामाजिक व राजकीय मतांवरूनही सेवेत भेदभाव करण्यास मनाई करते. तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अठ्ठाविसाव्याने सेवेतील त्रुटींबद्दल तक्रार करण्याचा. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. १९१२ चा वेड्यांचा कायदा ज्यांनी पाहिला त्यांना यातले अंतर कळेल. तो माणसाला आत कसे घालावे याचा कायदा होता.

कायद्याने मत बदलत नाही, हे खरेच. पण मत बाजूला ठेवण्याची रीत शिकता येते, याचे एक उदाहरण न्यायालयातलेच आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे दोन समलिंगी तरुणींचे प्रकरण आले. या विषयात आपले मन पूर्वग्रहमुक्त नाही हे त्यांनी उघड नोंदविले, निकालापूर्वी एका मानसतज्ज्ञाकडे बसून विषय समजून घेतला आणि मगच जून २०२१ मध्ये आदेश दिला. त्या प्रकरणातूनच पुढे लैंगिक कल 'दुरुस्त' करण्याचे तथाकथित उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरले. न्यायमूर्ती शिकायला बसतात, तर समुपदेशकांनी बसण्यात कमीपणा कसला?

खरी अडचण पुढेच आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ साली असे दाखविले, की निरनिराळ्या मनोविकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ पर्यंत जाते. ज्याला उपचारकच मिळत नाही त्याच्या बाबतीत उपचारकाच्या मताची चर्चा हे उपाशी माणसाशी पंक्तीतल्या वाढप्याच्या स्वभावाबद्दल बोलण्यासारखे आहे. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. उपचारक अधिक झाले तर निवड येईल, आणि निवड आली तर मत लादणाऱ्याला आपोआप वचक बसेल. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, १९९६ पासून त्याचे जिल्हा कार्यक्रम सुरू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ही सेवा पोहोचावी हाच त्यांचा हेतू होता. देवरुखात इंदिराबाई हळबे या मावशींनी १९५४ साली मातृमंदिराचे काम बाळंतिणींच्या सेवेने सुरू केले, तेव्हा या डोंगराळ तालुक्यात बाळंतपणासाठी दवाखान्यात जावे ही कल्पनाच नवी होती. आज ती कोणाला चमत्कारिक वाटत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बसलाच पाहिजे, ही मागणी रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीइतक्या जोराने पक्षाच्या निवेदनात आली पाहिजे. मानसिक आरोग्याचा कायदा सेवेचा हक्क देतो. हक्क म्हटले की मोर्चाही आला.

दरम्यान, ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. त्यावर पलीकडून बोलणाऱ्याचा पक्ष रुग्णाला कळत नाही आणि रुग्णाची वाडी पलीकडच्याला कळत नाही. लहान गावातल्या माणसाला ही अनोळख काही वेळा वरदानच ठरते. समुपदेशक म्हणून गावोगावी ज्या पाट्या लागत आहेत त्यांच्याबाबत मात्र सावध असावे. चिकित्सा-मानसतज्ज्ञाला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, मनोविकारतज्ज्ञाला वैद्यक परिषदेची. समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्याने प्रथम केली. पाटीखाली नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

रुग्णाने काय करावे, हे सांगणे राहिले. पहिल्या भेटीत उपचारकाचे मत तपासत बसू नये. तो किती विचारतो आणि किती सांगतो, याचा हिशेब मनात ठेवावा. आपल्या आंदोलनाची, जातीची, श्रद्धेची वा अश्रद्धेची गोष्ट निघाली तर ती त्याने कुतूहलाने ऐकली की लगेच दुरुस्त केली? भिंतीवरच्या तसबिरीचा सल होत असेल तर तसे बोलून दाखवावे: "डॉक्टर, माझी मते वेगळी आहेत, त्याची तुम्हाला अडचण नाही ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. जो दुखावेल त्याच्याकडून औषधाची चिठ्ठी घ्यावी, पण मन दुसरीकडे उघडे करावे. मधेच आवडत नाही म्हणून गोळ्या मात्र आपण होऊन बंद करू नयेत. डॉक्टरच्या मतावरचा राग शरीरावर काढण्यासारखे ते आहे.

आणि कार्यकर्त्याने रुग्णाला घेऊन रत्नागिरीस जावे. एसटीचे भाडे नसेल तर ते द्यावे, केसपेपर काढून द्यावा, रुग्णाने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोणाला नेमावयाचे ते त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. आतून नाव पुकारले गेले की रुग्णाला एकटे जाऊ द्यावे आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसावे. परतीच्या गाडीत आत काय बोलणे झाले ते विचारू नये.